बागायती मक्यातली लष्करी अळी: पेरणीपासून कणसापर्यंत काय करायचं, कधी करायचं

मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळीची ओलसर भुशासारखी विष्ठा दिसली की आपण त्याच संध्याकाळी कृषी सेवा केंद्र गाठतो. औषध आणतो, फवारतो. आठ दिवसांनी पोंग्यात पुन्हा तीच विष्ठा, मग पुन्हा नवी बाटली. एकाच पिकावर अशा चार-पाच फवारण्या झालेली शेतं आजूबाजूला कमी नाहीत. दर वेळी औषध बोगस असतं असं नाही. बऱ्याचदा फवारणी झाली तेव्हा अळी बोटभर झालेली असते आणि विष्ठेचा बोळा पुढे करून पोंग्याच्या तळाशी बसलेली असते. वरून मारलेला फवारा पानांवर पडतो आणि तिच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून या लेखात औषधांच्या यादीपेक्षा दोन गोष्टींवर भर आहे. अळी लहान असतानाच ती कशी सापडेल, आणि फवाऱ्याचा थेंब पोंग्यात कसा उतरेल. ही दोन कामं उगवणीपासून साधारण चाळीस दिवस नीट झाली, तर पुढचा त्रास फार राहत नाही.

पाण्याखालच्या मक्यात ही कीड का टिकते

लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्यावर सापडली. भारतातली ती पहिली नोंद. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली आणि तेव्हापासून मुक्कामाला आहे. तिचा पतंग रात्री उडतो आणि वाऱ्याची साथ असेल तर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंतही जाऊ शकतो. त्यामुळे बांध घालून ती अडणार नाही.

विहीर, कालवा किंवा शेततळं असलेल्या गावात तिची आणखी एक सोय होते. खरिपाचा मका उभा असतानाच शेजारी रब्बीची पेरणी सुरू होते. रब्बी निघायच्या आत उन्हाळी मका पोंग्यात आलेला असतो, आणि मधल्या काळात गायींसाठी चाऱ्याचा किंवा मुरघासाचा (हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) मका असतोच. जिरायती भागात पीक निघालं की तिला कोवळा पोंगा सहज मिळत नाही. बागायतीत तो बाराही महिने मिळतो. उष्ण हवेत अंडं ते पतंग हा प्रवास साधारण तीस ते चाळीस दिवसांत पूर्ण होतो, म्हणजे मक्याच्या एका पिकात तिच्या दोन-तीन पिढ्या निघू शकतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा काळ लांबतो. अळी दिसेनाशी झाली म्हणून आपण शेतात जाणं सोडतो, आणि फेब्रुवारीत ऊन वाढलं की उन्हाळी मक्यावर ती एकदम दिसू लागते.

पाण्याचा फायदा आपल्यालाही आहे, तो पुढे ओघात येईल.

आधी अळी ओळखा

मक्यावर पतंगवर्गातल्या चार-पाच अळ्या येतात आणि सगळ्यांवर उपाय एक नाही. लष्करी अळीच्या डोक्यावर फिकट रंगात इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी खूण असते. खात्रीची खूण मात्र शेपटीकडे आहे: शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसवल्यासारखे दिसतात. अळी तळहातावर घेऊन उजेडात धरा, लगेच दिसतील. अगदी लहान अळीत हे ठिपके कळत नाहीत, तिथे पानावरची खूण पाहावी लागते.

मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात आणि वरून राखाडी केसांचं आच्छादन असतं. दोन-तीन दिवसांत अंडी उबतात. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, मागे पातळ पांढरट पापुद्रा राहतो. पानावर असे लांबट पांढरे ठिपके दिसले, तर कारवाईची हीच वेळ आहे. त्यानंतर अळ्या पोंग्यात शिरतात आणि पानांना मोठी वेडीवाकडी भोकं पडू लागतात.

मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी सापडते. ‘झाडाला एकच तर आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका, कारण पानांचं बहुतेक नुकसान शेवटच्या दोन अवस्थांतली अळीच करते. दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर ती जमिनीत काही सेंटीमीटर खोल जाऊन कोषात जाते.

बाकीच्या अळ्या थोडक्यात सांगतो. पानांवर एका ओळीत बारीक छिद्रं दिसली आणि मधला पोंगा वाळून हाताने सहज उपटून आला, तर ते खोडकिड्याचं काम. खोड चिरून पाहा. अंगावर ठिपक्यांच्या ओळी असलेली अळी साधा खोडकिडा, आणि गुलाबीसर गुळगुळीत अळी गुलाबी खोडकिडा. रब्बी मक्यात गुलाबी खोडकिडा जास्त भेटतो. तो अंडी पानाच्या देठाच्या आवरणात घालतो, म्हणून वरवर पाहून कळत नाही. पानं कडेपासून खाल्लेली, पोंग्यात काही नाही आणि दिवसा अळी दिसतच नाही, असं असेल तर ती आपली जुनी देशी लष्करी अळी. ती दिवसा ढेकळांखाली दडते. कणसाच्या टोकाला केसराखाली सापडणारी अळी बऱ्याचदा हरभऱ्यावरची घाटेअळी असते.

पेरणीआधी आणि पेरताना

आधीचं पीक निघाल्यावर खोल नांगरट करून रान काही दिवस उन्हात तापू द्या. कोष वर येतात, बगळे-साळुंक्या टिपतात, उरलेले उन्हाने मरतात. बागायतीत दोन पिकांमध्ये वेळ कमी असतो, हे खरं. तरी मक्यावर मका घेणार असाल, तर निदान ही नांगरट टाळू नका. शक्य असेल तर मधे हरभरा, कांदा किंवा भुईमूग येऊ द्या.

रब्बी मक्याची पेरणी १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात उरकावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिवारातल्या शेजाऱ्यांनी ती एकाच आठवड्या-दोन आठवड्यांत करावी. एका शेतात गुडघाभर मका, शेजारी कोंब आणि पलीकडे तुऱ्यावर आलेलं पीक असेल, तर पतंगांना प्रत्येक पिढीसाठी कोवळं रान तयार मिळतं. हे एकट्याच्या हातातलं काम नाही. शेतकरी गट किंवा दूध संस्थेच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे.

बीजप्रक्रियेवर खर्च करा. सायॲन्ट्रानिलीप्रोल १९.८ टक्के अधिक थायामिथोक्झाम १९.८ टक्के एफएस हे मिश्रण किलो बियाण्याला ६ मिली या प्रमाणात लावलं, तर उगवणीनंतर पहिले पंधरा-वीस दिवस रोपाला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. काही कंपन्यांचं बियाणं प्रक्रिया केलेलंच येतं, पिशवीवर वाचून घ्या आणि दुबार प्रक्रिया करू नका. हातमोजे घालून बियाणं सावलीत सुकवा.

मक्याच्या दोन-तीन ओळींनंतर मूग, उडीद किंवा तुरीची ओळ घेता आली तर चांगलं. बांधाच्या कडेने नेपियर गवताच्या तीन-चार ओळी असतील, तर पतंग अंडी घालायला तिकडेही जातात आणि गवत गोठ्यालाही लागतंच. मात्र त्या गवतावर लक्ष ठेवावं लागेल. तिथे अळी दिसली तर निंबोळी अर्क मारा, नाहीतर सापळ्याऐवजी ते अळ्यांचं कोठार होईल.

नत्र एकदम देऊ नका. युरियाची गोणी एकाच पाण्याला सोडली की पीक हिरवंगार, लुसलुशीत होतं आणि किडीलाही तेच हवं असतं. माती परीक्षणाप्रमाणे नत्र तीन हप्त्यांत विभागून द्या.

सापळे आणि शेतफेरी

उगवण झाली की एकरी ५ कामगंध सापळे लावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली नर पतंगाला ओढणारी गंधगोळी, याच लष्करी अळीची घ्या. कपाशीच्या बोंडअळीची उरलेली ल्यूर इथे चालत नाही. सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. यात फक्त नर पतंग अडकतात, म्हणून पाच सापळ्यांनी कीड संपेल अशी आशा धरू नका. पतंग आले, आता अंड्यांकडे लक्ष द्या, एवढा इशारा त्यांच्याकडून मिळतो.

खरं काम शेतफेरीचं आहे. पहिले चाळीस दिवस आठवड्यातून दोनदा, सकाळच्या वेळी. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरा, नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी ओळीतली सलग २० झाडं पाहा. शंभर झाडांपैकी किती झाडांवर ताजं नुकसान आहे, तीच तुमची टक्केवारी. दिसलेली झाडं निवडू नका, सलगच मोजा. नजर आपोआप खराब झाडाकडे जाते आणि आकडा फुगतो.

ताजं आणि जुनं नुकसान यातला फरक शिकून घ्या. पोंगा दोन्ही हातांनी अलगद उघडा. विष्ठा ओली, पिवळसर तपकिरी आणि नवीन उमलणारं पान खाल्लेलं असेल, तर अळी आत आहे. विष्ठा कोरडी, भुरभुरीत आणि आतलं कोवळं पान स्वच्छ असेल, तर अळी गेली. भोकं पडलेली जुनी पानं पुढे पंधरा दिवस तशीच वर येत राहतात. ती बघून घाबरून केलेल्या फवारणीचा पैसा वाया जातो.

फेरी मारताना अंड्यांचे पुंजके दिसतील तेवढे बोटाने चिरडा, मोठी अळी सापडली तर साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाका. दहा-वीस गुंठ्यांच्या चारा मक्यात घरच्या माणसांनी एवढं नेमाने केलं, तरी अनेकदा फवारणीची पाळी येत नाही. पहिला महिनाभर एकरी दहा पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) ठेवा. पोंग्यात चिमूटभर वाळू आणि चुना ९:१ या प्रमाणात टाकण्याची शिफारसही पहिल्या तीस दिवसांसाठी आहे. मजूर घरचे असतील आणि क्षेत्र लहान असेल तर हे परवडतं.

कोणत्या टप्प्यावर काय

रोप अवस्थेत शंभरात पाच झाडांवर प्रादुर्भाव दिसला की सुरुवात निंबोळी अर्काने करा. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळून शंभर लिटर करा आणि त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला. उन्हाळ्यात कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवल्या, तर हा अर्क जवळजवळ फुकट पडतो. तयार औषध घ्यायचं तर अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम लिटरला ५ मिली. अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांवर हे चालतं, बोटभर अळीवर नाही.

याच काळात परोपजीवी कीटक, म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे मित्रकीटक, सोडता येतात. ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा टेलेनोमस रेमस एकरी ५० हजार, आठवड्याच्या अंतराने. केसांनी झाकलेल्या, थरावर थर असलेल्या पुंजक्यात टेलेनोमस जास्त आत पोचतो, म्हणून मिळाला तर तो घ्या. हे कीटक ज्या कार्डावर येतात ते कार्ड संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. कार्ड लावायचे दिवस आणि रासायनिक फवारणीचे दिवस एकमेकांत मिसळू नका, सगळे मित्रकीटक मरतील.

मेटाऱ्हायझियम रिलाय ही बुरशी, जुन्या नावाने नोमुरिया, या किडीवर फार उपयोगी आहे, आणि बागायतदाराचा फायदा इथे आहे. बुरशीला दमट हवा लागते. पाटाचं किंवा तुषारचं पाणी देऊन झाल्यावर, वाफसा आला (पाणी जिरून रानात पाय रुतेनासा झाला) की संध्याकाळी लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे पोंग्यात फवारा. लागण झालेली अळी सुस्त होते, पानाला चिकटून मरते, अंग कडक होतं, आधी पांढरं आणि मग फिकट हिरव्या भुकटीने माखतं. अशी अळी दिसली तर तिला हात लावू नका, तिच्यावरची भुकटी पुढच्या अळ्यांपर्यंत जाते. परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, त्यामुळे धीर हवा. मँकोझेबसारखं बुरशीनाशक सोबत मिसळलं तर बुरशीच मरेल. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू लिटरला २ ग्रॅम हाही पर्याय आहे, तोही अळी लहान असतानाच.

पीक गुडघ्याच्या वर गेलं आणि ताजं नुकसान १० टक्क्यांच्या पुढे सरकलं, तर रासायनिक औषध वापरा. पोंगे भरून येण्याच्या शेवटच्या टप्प्यात ही मर्यादा २० टक्के धरतात. शिफारशीतली प्रमुख औषधं आणि १५ लिटरच्या पंपाला लागणारी मात्रा अशी:

इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी, ६ ग्रॅम.
स्पिनेटोरम ११.७ एससी, ७.५ मिली.
क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी, ६ मिली.

यांतलं एकच घ्या, मिसळ करू नका. दुकानदार ‘यात हेही टाका, रिझल्ट चांगला येतो’ म्हणून दोन-तीन कीटकनाशकं हातात देतो, ते नाकारा. शिफारशी बदलत असतात, म्हणून बाटलीच्या लेबलावर मका आणि लष्करी अळी लिहिलेलं आहे ना, हे पाहा आणि पक्की पावती घ्या.

औषधं आलटून पालटून वापरण्याचा सल्ला सगळे देतात, पण बाटलीचं नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. बीजप्रक्रियेतलं सायॲन्ट्रानिलीप्रोल आणि फवारणीचं क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल एकाच गटातली, अळीवर एकाच पद्धतीने काम करणारी. बियाण्याला ते लावलं असेल, तर पहिल्या फवारणीला इमामेक्टिन किंवा स्पिनेटोरम घ्या, क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल नंतरसाठी राखा. एकच औषध दोनदा लागोपाठ मारलं की वाचलेल्या अळ्यांची पुढची पिढी त्याला दाद देत नाही. वर्षभर मका असलेल्या शिवारात हे लवकर घडतं.

थेंब पोंग्यात पडला पाहिजे

फवारणी संध्याकाळी करा. ऊन उतरल्यावर अळी खायला वर सरकते आणि औषधही पटकन सुकत नाही. पंप पाठीवर घेऊन ओळीने चाला, नोझल प्रत्येक पोंग्यावर सरळ खाली रोखा, क्षणभर थांबा, मग पुढचं झाड. हात इकडून तिकडे हलवत केलेली फवारणी पानं धुते, पोंगा कोरडाच राहतो. एका झाडाजवळ वाकून बघा: पोंग्याच्या तळाशी पाणी चमकताना दिसलं तर काम बरोबर चाललंय. मजुराला एकराच्या भावाने पैसे दिले तर तो घाई करणारच, म्हणून रोजाने लावा आणि पहिले दोन-तीन पंप स्वतः सोबत चाला. मोठ्या पिकाला एकरी २०० लिटर पाणी धरा.

पाण्याच्या पाळीशी फवारणीचा मेळ घाला. ताणावर आलेल्या, पानं वळलेल्या मक्यावर फवारू नका. आधी पाणी, वाफसा, मग फवारणी. तुषार सिंचन असेल तर फवारणीनंतर लगेच तुषार चालू करू नका, पोंग्यातलं औषध धुऊन जाईल. फवारणी झाली नसताना मात्र तुषारचं पाणी पोंग्यात साचून लहान अळ्या मरतात. म्हणून लहान अळ्यांचा काळ आणि तुषारची पाळी जुळवून घेता आली तर घ्या. साधारण २५ ते ३० दिवसांची रोप अवस्था, ४५ ते ५० दिवसांना तुरा येताना आणि ७५ ते ८० दिवसांना दाणे भरताना पाणी चुकवू नका. खाल्लेला मका पाण्यावर आणि खतावर बराच सावरतो, मधली पानं फाटली तरी कणीस चांगलं भरतं. पाणी साचू मात्र देऊ नका, विशेषतः रोपं लहान असताना.

आता सर्वांत महत्त्वाचं. डोक्याएवढ्या उंचीच्या मक्यात शिरून फवारणी म्हणजे प्रत्येक थेंब तोंडावर घेणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. मका कपाशीपेक्षाही उंच होतो. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, वारा पाठीकडून, आणि उपाशीपोटी फवारणी नाही. मजुराला ही साधनं मालकाने द्यायची आहेत. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली की काम थांबवा, कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

तुरा आल्यावर

तुरा आणि केसर बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणी बंद. झाडं उंच झालेली असतात, अळी कणसाच्या आवरणात असते, तिथे औषध पोचत नाही. शिवाय पराग गोळा करायला मधमाश्या येत असतात. तुऱ्यावर दिसणारी अळी हाताने वेचा. कणसांचा प्रादुर्भाव वाढताना दिसला तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस किंवा मेटाऱ्हायझियम वापरा. मधुमका आणि बेबीकॉर्न घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं, कारण ते कणीस थेट माणसाच्या ताटात जातं.

चाऱ्याच्या आणि मुरघासाच्या मक्याचं वेगळं सांगायला हवं. मुरघासासाठी मका दाणा चिकात असताना, हिरवाच कापला जातो, त्यामुळे शेवटच्या फवारणीपासून कापणीपर्यंतचे दिवस कमी राहतात. लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ पुरा झाल्याशिवाय कापू नका. फवारलेला हिरवा मका गायी-म्हशींना घातला तर औषधाचा अंश दुधात उतरू शकतो, आणि ते दूध आपल्याच मुलांच्या पेल्यात येतं. चारा मक्यात निंबोळी अर्क, बुरशी आणि हाताने वेचणी यांवरच भागवायचा प्रयत्न करा. दाट पेरलेल्या चाऱ्याला थोडी भोकं पडली तर बिघडत नाही.

खोडकिड्याची वाळलेली पोंगेमर झाडं दिसली तर अळीसकट उपटून जनावरांना घाला किंवा खड्ड्यात पुरा. कणसं मोडल्यावर ताटं शेतात उभी ठेवू नका, खोडकिड्याच्या अळ्या त्यात दडून राहतात. ताटांची कुट्टी करा, धसकटं वेचून खड्ड्यात टाका आणि लगोलग नांगर घाला. त्याच सुमारास शेजाऱ्यांना विचारून उन्हाळी मका कोण कधी पेरणार हे ठरवून घ्या. सगळ्यांची तारीख जुळत नसेल, तर जो शेवटी पेरणार आहे त्याने मक्याऐवजी भुईमूग किंवा उन्हाळी मूग घ्यावा, कारण उशिराच्या पेरणीवर आजूबाजूच्या सगळ्या शेतांतले पतंग उतरतात.